येळ, इळा आणि ध्वनींची परिषद

एक वाक्य मोठ्याने म्हणून पाहा: ‘त्या चार शेळ्या चार.’ यात ‘चार’ दोनदा आला आहे. लिहिताना अक्षरे तीच आहेत, पण उच्चार एक नाही. संख्येतला च म्हणताना जीभ टाळूला टेकते आणि सुटताना ‘श’सारखा आवाज येतो. शेळ्या चारण्यातला च दातांच्या मागे होतो आणि सुटताना ‘स’सारखा आवाज येतो. व्याकरणात पहिल्याला तालव्य व दुसऱ्याला दंततालव्य म्हणतात. आपल्या लिपीत या दोहोंसाठी एकच अक्षर आहे. तरीही शाळेत न गेलेले चार-पाच वर्षांचे मूल यात सहसा गोंधळत नाही. कोणता च कुठे वापरायचा हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

मग ते त्याला कसे कळते? या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला स्वनिमविज्ञान म्हणतात. तोंडातून निघणारा प्रत्येक आवाज म्हणजे स्वन. ज्या आवाजाच्या बदलाने शब्दाचा अर्थ बदलतो, तो स्वनिम. ‘काल’ आणि ‘काळ’, ‘वेल’ आणि ‘वेळ’ या जोड्यांत फक्त ल-ळ चा फरक आहे आणि तेवढ्याने अर्थ बदलतो. म्हणून मराठीत ल आणि ळ हे दोन वेगळे स्वनिम आहेत. स्वन घशात, जिभेत आणि हवेत असतात. स्वनिम बोलणाऱ्याच्या मनातल्या व्यवस्थेत असतात.

परिषदेतून जन्मलेले शास्त्र

या शास्त्राच्या जडणघडणीत परिषदांचा वाटा मोठा आहे. १९२८ साली नेदरलँड्समधील हेग येथे भाषावैज्ञानिकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. परिषदेआधी अभ्यासकांकडे काही प्रश्न पाठवले होते. त्यातला एक असा होता, की एखाद्या भाषेची ध्वनिव्यवस्था पूर्णपणे मांडण्याची योग्य पद्धत कोणती? रोमान याकोबसन यांनी त्याचे लेखी उत्तर तयार केले आणि त्रुबेत्स्कोय व कार्त्सेव्स्की यांनी त्यावर सह्या केल्या. सुटे आवाज मोजून भागणार नाही, कोणते फरक अर्थ बदलतात ते शोधले पाहिजे, असा त्याचा आशय होता. दोनच वर्षांनी, १९३० मध्ये, प्राग येथे केवळ या विषयावर परिषद झाली आणि तिथे समान परिभाषेवर काम झाले. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेतील ओहायो येथे यंत्रांनी ध्वनी मोजणारे आणि ध्वनींची व्यवस्था मांडणारे अभ्यासक मुद्दाम एकत्र बसले. ‘प्रयोगशाळेतील स्वनिमविज्ञान’ या नावाने ती परंपरा आजही चालू आहे.

आपल्याकडेही १९२८ सालीच लाहोर येथे लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना झाली. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाची उन्हाळी शिबिरे भरू लागली. देशभरातले तरुण अध्यापक तिथे येत आणि अनोळखी भाषेची नोंद कशी करायची हे शिकत. अशोक केळकर यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या स्वनिम व रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहिला. ना. गो. कालेलकरांनी ‘ध्वनिविचार’ हे पुस्तक लिहून हा विषय मराठीत आणला.

अशा कार्यशाळेत नेमके काय चालते? एक भाषक मध्ये बसतो. बाकीचे त्याला शब्द विचारतात आणि ऐकले तसे लिहून घेतात. मग शब्दांची वर्गवारी होते. कोणीतरी नियम सुचवतो. दुसरा त्या नियमात न बसणारा शब्द शोधतो. नियम दुरुस्त होतो आणि पुन्हा तपासला जातो. निरीक्षण, तर्क, अंदाज आणि पडताळा ही विज्ञानाची रीत इथेही तशीच आहे.

बीडच्या शब्दांची कार्यशाळा

ही रीत आपण वापरून पाहू. बीड जिल्ह्यातल्या खेड्यांत, आणि मराठवाड्यात व देशावर इतरत्रही, पुढील उच्चार कानावर पडतात:

वेळ – येळ
वेडा – येडा
वेचणे – येचणे
विळा – इळा
विहीर – इहीर
विचार – इचार
वीस – ईस

पहिला तर्क असा की या बोलीत व नाही. पण तोच माणूस वाट, वावर, वड, वांगे, वारा हे शब्द स्पष्ट व ने म्हणतो. तर्क फसला. आता दोन्ही गटांतल्या व नंतरचा स्वर पाहा. जिथे व जातो तिथे पुढे इ, ई किंवा ए आहे. जिथे टिकतो तिथे अ किंवा आ आहे. म्हणून नियम असा: शब्दाच्या सुरुवातीच्या व नंतर इ-ई आली तर व गळतो आणि ए आला तर व चा य होतो.

आता पडताळा. हा नियम खरा असेल तर ‘विमान’ या बऱ्याच नंतर खेड्यात पोचलेल्या शब्दालाही लागला पाहिजे. तो लागतो, कारण विमानाचे ‘इमान’ होते. ‘वैरण’चे काय? ती तशीच राहते, कारण ऐ या अक्षराची सुरुवात उच्चारात अ ने होते. म्हणजे नियम अक्षराकडे पाहत नाही, आवाजाकडे पाहतो.

असे का व्हावे? इ आणि ए म्हणताना जिभेचा पुढचा भाग टाळूकडे उचलला जातो. व साठी ओठ जवळ यावे लागतात, पण मराठीतला व मुळातच हलका आहे. जीभ पुढच्या स्वराच्या तयारीला आधीच लागते, ओठांचे काम सुटते आणि उरतो तो य. इ च्या आधीचा य इ मध्येच विरून जातो. हाच स्वरांचा गट प्रमाण मराठीतही असेच काम करतो. ‘त्याचा’ म्हणा आणि ‘त्याची’ म्हणा. पहिला च दातांमागे होतो, दुसरा टाळूवर सरकतो. त्याला ओढणारी हीच ई. ‘त्याची’ला कोणी अशुद्ध म्हणत नाही आणि ‘इळा’ला म्हणतात. हा भेद प्रतिष्ठेचा आहे, ध्वनींचा नाही.

वर्गात याचा उपयोग

दुसरीतल्या मुलाने ‘वेळ’ हा छापील शब्द ‘येळ’ असा वाचला तर त्याचे वाचन चुकले का? नाही. त्याने व ओळखला, शब्द ओळखला आणि मग आपल्या बोलीचा नियम लावला. त्याला अर्थ विचारा, तो बरोबर सांगेल. इथे त्याला थांबवून पुन्हा व गिरवायला लावणे म्हणजे जे येते तेच शिकवणे.

‘पानी’, ‘लोनी’ म्हणणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. ज्या बोलीत ण जवळजवळ सगळीकडे न होतो, तिथे ‘मन’ आणि ‘मण’ कानाला एकच असतात. त्या मुलाला ‘ण म्हण’ असे दहादा सांगून काही होत नाही, कारण फरक त्याला ऐकूच येत नसतो. त्याला आधी जोड्या ऐकवाव्या लागतात आणि ‘सारखे की वेगळे?’ एवढेच विचारावे लागते. कान तयार झाल्यावर जीभ तयार होते. लेखनात मात्र पाणी, लोणी, दाणे हे शब्द डोळ्यांनीच लक्षात ठेवावे लागतात.

म्हणजे वरून सारख्या दिसणाऱ्या दोन ‘चुका’ आतून वेगळ्या आहेत. एकीत मुलाकडे तो आवाज आहे आणि नियम तो बदलतो. दुसरीत तो भेदच नाही. उपायही वेगळे. हे न ओळखता सरसकट टोकले, तर मूल गप्प बसते किंवा घाबरून उलट्या दिशेला जाते आणि ‘मन’लाही ‘मण’ लिहू लागते.

बीडमध्ये या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ऊसतोडीच्या हंगामात हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. बरोबर गेलेले मूल मध्येच नव्या शाळेत बसले तर पुस्तकाआधी त्याचे बोलणे तपासले जाते. ‘येडा’ म्हणणाऱ्याला हसू मिळाले, की ते वाचायला तोंड उघडत नाही. तांड्यावरच्या मुलाची घरची गोरमाटी तर वेगळीच भाषा आहे. तिची ध्वनिव्यवस्था मराठीच्या मापाने मोजता येणार नाही, तिची यादी नव्यानेच करावी लागेल.

नकाशातली मोकळी जागा

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. पण त्या पाहणीत हैदराबाद संस्थान नव्हते आणि बीड तेव्हा त्या संस्थानात होते. १९६०च्या दशकात अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींची पाहणी प्रसिद्ध करायला सुरुवात केली. तिच्यात कुडाळी, वारली, कासरगोडची मराठी अशा बोलींवर पुस्तके झाली. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले आणि गावोगावचे बोलणे ध्वनिमुद्रित करून अभ्यासासाठी खुले केले. काम सुरू झाले आहे, पण अकरा तालुक्यांच्या जिल्ह्यात गावागावांत होणारे बदल टिपायला शिक्षकाइतका जवळचा निरीक्षक दुसरा नाही.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत यासाठी एक तास पुरेल. प्रत्येकाने आपल्या गावातले व ने सुरू होणारे वीस शब्द आजी, आई आणि मूल अशा तिघांकडून ऐकून आणावेत. शब्द वाचायला देऊ नका, वस्तू किंवा चित्र दाखवून विचारा, कारण छापील अक्षर पाहिले की माणूस शाळेचे बोलतो. विचारून, त्यांच्या संमतीने, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. मग फळ्यावर दोन रकाने करा: व टिकला, व गेला. देवी, नवी, चावी अशा शब्दांत मधल्या व चे काय होते? आजीचा ‘येळ’ नातवाकडे टिकला आहे का? आष्टीकडचे उत्तर आणि परळीकडचे उत्तर एकच येते का? ज्या शब्दावर मतभेद होईल तो खोडू नका. त्याच्याभोवती गोल करा आणि पुढच्या बैठकीपर्यंत आणखी पाच जणांना विचारा.