साखळीच्या आत (लेखांक ६) : १०२४ खणांचा स्टॅक

अंबरनाथ-बदलापूरकडच्या विद्यार्थ्याला जातीचा दाखला म्हटलं की उल्हासनगरचं प्रांत कार्यालय आठवतं. २०२२ साली गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या उपविभागीय कार्यालयाने असे सुमारे ६५,००० दाखले ‘लेजिटडॉक’ या प्रणालीतून पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवायचं काम हाती घेतलं. दूरच्या महाविद्यालयालाही दाखला खरा की बनावट हे बसल्या जागी तपासता यावं, हा त्यामागचा हेतू. पॉलिगॉनवर चालतं ते इथेरियमचंच आभासी यंत्र, म्हणजे ईव्हीएम. मागच्या आठवड्यात आपण दाखल्याचा हॅश काढला. आज ज्या स्टॅकवर तो हाताळला जातो, तो स्टॅक बांधू.

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये जीन्सच्या कारखान्यात शिवलेल्या पँटची थप्पी लागते. नवी पँट वर ठेवायची, उचलायची तीही वरचीच. स्टॅकचा नियम एवढाच. ठेवणं म्हणजे पुश, काढणं म्हणजे पॉप. बेरजेची ॲड ही आज्ञा वरचे दोन आकडे काढते आणि बेरीज परत वर ठेवते. (२ + ३) × ४ हे गणित ईव्हीएमला सांगायचं तर पुश २, पुश ३, ॲड, पुश ४, मल. कंस लागत नाहीत, मधल्या उत्तरांना नावं द्यावी लागत नाहीत.

वजाबाकीत मात्र सांभाळा. सब ही आज्ञा सर्वांत वरच्या आकड्यातून त्याखालचा वजा करते. म्हणून १० − ३ हवं असेल तर आधी ३ आणि मग १० ठेवायचे.

गॅविन वूड यांनी २०१४ साली लिहिलेल्या ‘यलो पेपर’मध्ये या स्टॅकची मापं ठरवून दिली आहेत : प्रत्येक खण २५६ बिटांचा, आणि खण जास्तीत जास्त १०२४. इथेरियमचा हॅशही २५६ बिटांचाच असतो, त्यामुळे दाखल्याचा हॅश नेमका एका खणात मावतो. नोंदवलेला हॅश आणि समोर आलेल्या दाखल्याचा हॅश असे दोन्ही स्टॅकवर ठेवून इक्यू ही आज्ञा दिली, की दोन्ही निघतात आणि त्यांच्या जागी १ किंवा ० येतो. दाखल्यातलं एक अक्षर बदललेलं असेल तरी ०.

लिहायला हे सोपं आहे. १०२४ जागांची एक यादी घ्या आणि सध्या किती खण भरलेत ते सांगणारा एक आकडा ठेवा. पुश करताना हा आकडा १०२४ झालेला नाही ना, पॉप करताना तो ० नाही ना, हे तपासा. इथेरियमचं यंत्र चालवणाऱ्या ‘गो-इथेरियम’ या प्रोग्रॅममध्ये ही तपासणी पुश-पॉपच्या आत केलेलीच नाही. प्रत्येक आज्ञेला किमान किती खण भरलेले हवेत आणि जास्तीत जास्त किती चालतील, याचा तक्ता तिथे आधीच तयार असतो आणि आज्ञा चालवण्यापूर्वी तो पाहिला जातो. ॲडला किमान २ हवेत. नसतील तर काम तिथेच थांबतं, केलेले बदल रद्द होतात आणि त्या कॉलला दिलेला सगळा गॅस, म्हणजे काम चालवायचं शुल्क, जळतो.

ही कडक मर्यादा मला या रचनेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. साखळीवरच्या हजारो संगणकांना तोच प्रोग्रॅम चालवून तेच उत्तर काढायचं असतं. स्टॅक ‘मेमरी पुरेल तेवढा’ असता, तर मोठ्या सर्व्हरवर पार पडलेला व्यवहार कुणाच्या जुन्या लॅपटॉपवर फसला असता आणि साखळीचे दोन फाटे झाले असते.

खणाच्या रुंदीचा नियमही तितकाच काटेकोर पाळावा लागतो. उत्तर २५६ बिटांत मावलं नाही, तर वरचे बिट गळून पडतात. पायथॉनमध्ये पूर्णांक हवे तेवढे वाढतात, म्हणून तिथे स्टॅक लिहिणाऱ्याने प्रत्येक बेरीज-गुणाकारानंतर २ च्या २५६व्या घाताने भागून बाकीच तेवढी ठेवायला हवी. साखळीवर चालणारे प्रोग्रॅम, म्हणजेच करार, लिहिणाऱ्यांनाही याचा फटका बसला आहे. एप्रिल २०१८ मध्ये ‘ब्यूटीचेन’च्या बीईसी टोकनवर हल्ला झाला. पाठवायची रक्कम २ चा २५५वा घात आणि घेणारे दोघे. गुणाकार थेट ० आला, ‘शिल्लक पुरेशी आहे का’ ही तपासणी पार पडली आणि दोन्ही खात्यांत प्रचंड टोकन जमा झाले. यंत्र नियमाप्रमाणेच वागलं होतं. तपासायची जबाबदारी कराराची होती आणि ती राहून गेली होती. असे करार ज्या भाषेत लिहितात त्या सॉलिडिटीच्या डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ०.८ आवृत्तीपासून अशा ठिकाणी व्यवहार आपोआप रद्द होतो.

डप आणि स्वॅप या आज्ञा शेवटी लिहा. डप खालच्या एका खणाची प्रत वर आणते, तर स्वॅप वरच्या खणाची खालच्या एकाशी अदलाबदल करते. डपला वरचे १६ खणच दिसतात, स्वॅपला १७वा. जास्त चल वापरलेल्या फंक्शनवर सॉलिडिटीचा कंपायलर ‘स्टॅक टू डीप’ म्हणून अडतो, तो यामुळेच. मग काही किमती मेमरीत हलवाव्या लागतात. ती मेमरी कशी वाढते आणि वाढताना गॅस का महागतो, ते पुढच्या आठवड्यात.