रेडिओ चाचणीला निघण्यापूर्वी उपकरणाची तयारी

समजा, एका छोट्या कारखान्याने जमिनीतला ओलावा मोजणारे यंत्र तयार केले. ते दहा मिनिटे झोपते, क्षणभर जागे होऊन वाय-फाय किंवा ब्लूटूथने आकडा पाठवते आणि पुन्हा झोपते. बॅटरी वर्षभर टिकते, शेतकरी खूश. हेच यंत्र रेडिओ चाचणीच्या लॅबमध्ये नेले की अडचण सुरू होते. मोजणारा इंजिनिअर लहरीची वाट पाहत बसतो आणि लॅबचे तासाचे बिल वाढत राहते. वापरात जो गुण, तो मोजताना अडथळा ठरतो. म्हणून चाचणीची बरीचशी तयारी म्हणजे या यंत्राला हुकुमासरशी अखंड बोलायला शिकवणे.

मंजुरी कशाची?

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, २००५ पासून परवानामुक्त आहे. वापरणाऱ्याला परवाना लागत नाही, पण उपकरणाला मंजुरी लागते. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा ‘इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल’ देते. अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर होतो आणि त्यासोबत मान्यताप्राप्त लॅबचा रेडिओ चाचणी अहवाल जोडावा लागतो.

या पट्ट्यात भारताची मर्यादा अँटेनाचा लाभ धरून ४ वॉट आहे. युरोपच्या ईएन ३०० ३२८ मानकात ती फक्त १०० मिलिवॉट, म्हणजे २० डीबीएम. माल दोन्हीकडे विकायचा असेल तर कडक मर्यादा धरूनच यंत्र बसवावे.

टेस्ट मोड: अखंड बोलणारे फर्मवेअर

लॅबला पट्ट्याचा खालचा, मधला आणि वरचा चॅनेल लागतो. ब्लूटूथ लो एनर्जीसाठी ते साधारण २४०२, २४४० आणि २४८० मेगाहर्ट्झ. प्रत्येक चॅनेलवर, प्रत्येक डेटा वेगाला आणि विक्रीच्या मालात असेल त्याच कमाल पॉवरवर प्रसारण सुरू ठेवता आले पाहिजे. ब्लूटूथच्या मानकात यासाठी ‘डायरेक्ट टेस्ट मोड’ आहेच. वाय-फाय चिपच्या कंपन्याही सहसा चाचणीचे वेगळे फर्मवेअर देतात.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. लॅबच्या मोजणीच्या बंदिस्त खोलीत, म्हणजे चेंबरमध्ये, यंत्राशेजारी लॅपटॉप ठेवला तर त्याचाच गोंगाट मोजला जातो. त्यामुळे हुकूम देऊन लॅपटॉपची केबल काढली तरी प्रसारण चालू राहिले पाहिजे. बटण दाबून चॅनेल बदलता आला आणि एलईडीच्या रंगावरून कोणता चॅनेल ते कळले तर उत्तमच. स्लीप मोड आणि वॉचडॉग (यंत्र अडकले असे वाटले की ते रीस्टार्ट करणारा टायमर) बंद करायला विसरू नका, नाहीतर मोजणी ऐन रंगात असताना यंत्र स्वतःच रीस्टार्ट होते.

नेहमीचे फर्मवेअरही बरोबर न्यायचे. युरोपच्या मानकात १० मिलिवॉटच्या वरच्या वाय-फाय उपकरणाला दाखवावे लागते की दुसऱ्याची लहर आली की ते थांबते. ही सभ्यता टेस्ट मोडमध्ये दिसत नाही. ती दाखवायला यंत्राला खऱ्या जोडीदाराशी, उदाहरणार्थ राउटरशी, बोलावे लागते. तो जोडीदारही आपणच न्यावा.

दोन प्रकारचे नमुने

पहिला नमुना केबलने मोजण्यासाठी. यात अँटेना तोडून त्या जागी छोटी कोॲक्सियल केबल आणि एसएमए कनेक्टर सोल्डर करतात. अँटेना जोडलेलीच राहिली तर पॉवर दोन वाटांनी जाते आणि आकडा फसवा येतो. केबलचे कवच सोल्डरच्या जागेजवळच ग्राउंडला जोडावे. बाहेर डीसी व्होल्टेज येत नाही याचीही खात्री करावी, कारण त्याने लॅबचा महागडा ॲनालायझर बिघडू शकतो.

या छोट्या केबलचा ऱ्हास मोजून लिहून द्यावा. १ डेसिबल ऱ्हास म्हणजे सुमारे २० टक्के पॉवर वाटेत गेली. केबलवर १८ डीबीएम मिळाले आणि अँटेनाचा लाभ २ डेसिबल असेल तर बेरीज २० होते. यंत्र युरोपच्या मर्यादेच्या काठावर उभे आहे. त्यात केबलचा ऱ्हास धरायचा राहिला असेल तर ते प्रत्यक्षात मर्यादेपलीकडे गेलेले असते.

दुसरा नमुना हवेतून मोजण्यासाठी. तो विक्रीच्या मालासारखाच हवा: तोच डबा, तीच अँटेना, तीच बॅटरी. प्लास्टिकऐवजी धातूचे झाकण आले तरी निकाल बदलतो. यंत्रातले तयार रेडिओ मॉड्यूल आधी मंजूर झालेले असले तरी अँटेना आणि डबा आपला असतो, त्यामुळे तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. दोन्ही प्रकारांचा एकेक जादा नमुना पिशवीत ठेवावा.

आधी आपल्या टेबलावर मोजा

नापास होण्याचे नेहमीचे कारण मूळ लहर नसून तिची पिल्ले, म्हणजे हार्मोनिक. २४०२ ते २४८० ची दुप्पट ४८०४ ते ४९६० मेगाहर्ट्झ. ईएन ३०० ३२८ मध्ये १ गिगाहर्ट्झच्या वर अशा भटक्या लहरींना -३० डीबीएम, म्हणजे एक मायक्रोवॉटची मुभा आहे. ६ गिगाहर्ट्झपर्यंतचा ॲनालायझर भाड्याने मिळाला तरी दुसरा हार्मोनिक आणि वीजपुरवठ्याचा गोंगाट आधीच हेरता येतो. आपल्या टेबलावर दहा पैशांचा कपॅसिटर बदलणे सोपे. लॅबमध्ये त्याच बदलासाठी नवी तारीख घ्यावी लागते.

कागदांची फाइल

ब्लॉक डायग्राम, सर्किट, अँटेनाची डेटाशीट, व्होल्टेज आणि तापमानाची मर्यादा, मॉड्युलेशनचे प्रकार, हार्डवेअर आणि फर्मवेअरची आवृत्ती, आतले-बाहेरचे फोटो. मॉडेलचे नाव लेबलवर, अहवालात आणि अर्जात अक्षरशः एकच असावे. एका जागी ‘एसएम-१’ आणि दुसरीकडे ‘एसएम१’ लिहिले की अर्ज शंकांमध्ये अडकतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी

यंत्र, केबल आणि लॅपटॉप अशा माणसाच्या हाती द्या ज्याने ते बनवलेले नाही. आपण लिहिलेल्या एका पानाच्या सूचनांवरून त्याला तिन्ही चॅनेल लावता आले, तर लॅबचा इंजिनिअरही लावेल. तो जिथे अडेल, तिथे त्याला तोंडी सांगू नका. ते वाक्य कागदावर दुरुस्त करा.