मानमोडीचा हिशेब

साथ राव-रंक पाहत नाही असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु १९१८ सालच्या ज्या इन्फ्लुएंझाला आपल्या लोकांनी मानमोडी हे नाव दिले, त्या साथीत मुंबई शहरात मेलेल्यांची जी जमातवार नोंद महापालिकेच्या दप्तरी झाली, ती पाहिली म्हणजे या म्हणण्यावरचा विश्वास उडतो. दर हजारी युरोपियन मेले ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, ‘इतर हिंदू’ १८.९, आणि ज्यांना त्या दप्तराने ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले ते ६१.६.

रोगजंतू तर सर्वांच्या छातीत एकच शिरला होता. त्यावर औषध गव्हर्नराच्या बंगल्यातही नव्हते आणि चाळीतही नव्हते. मग फरक पडला कोठे? तो पडला अंथरुणापाशी. ज्या एका खोलीत सात-आठ माणसे निजत, तेथे सारे एकाच दिवशी तापाने आडवे झाले, तर घोटभर पाणी द्यायला आणि पेजेसाठी चूल पेटवायला उरणार कोण? रोजंदारी बुडू नये म्हणून जो अंगात ताप असतानाच उठून कामावर गेला, त्याची गाठ पुढे न्यूमोनियाशी पडे. त्यातच त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि धान्य कडाडले. हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या, याचे कारण शुश्रूषा करणारी आणि सर्वांच्या मागून जेवणारी व्यक्ती एकच होती, हे मला तरी पटते.

देशादेशांतील तफावत याहून भयंकर. पुढे संशोधकांनी मांडलेल्या गणितानुसार डेन्मार्कात शेकडा सुमारे ०.२ माणसे या साथीस बळी पडली, तर मध्यप्रांत व वऱ्हाडात ७.८, आणि या अंतराचा जवळजवळ निम्मा उलगडा दरडोई उत्पन्नावरून होतो.

उरलेल्या निम्म्यात इतर कारणांबरोबर राज्यकर्त्यांची अक्कलही आली. ऑकलंडहून निघालेली ‘तालुने’ बोट ७ नोव्हेंबर १९१८ रोजी न्यूझीलंडच्या अंमलाखालील पश्चिम सामोआत, आपिया बंदरी लागली आणि आजारी उतारूंनाही धक्क्यावर येऊ दिले गेले. तेथील सुमारे पंचमांश प्रजा मेली. शेजारच्या अमेरिकन सामोआत, त्याच वंशाच्या आणि तीच भाषा बोलणाऱ्या लोकांत, गव्हर्नर जॉन पोयर याने बाहेरून येणाऱ्या बोटींवर कडक क्वारंटाइन बसविले होते. तेथे इन्फ्लुएंझाने एकही मनुष्य दगावला नाही.