एकाच पटावर

बुद्धिबळाच्या खेळांत अंगबळाचा कांहींच उपयोग नाहीं. चौसष्ट घरांचा पट, दोन्ही बाजूंस सोळा सोळा मोहरीं. येथें चालतें तें केवळ स्मरण, धैर्य आणि दूरदृष्टि. मग स्त्रियांसाठीं वेगळ्या स्पर्धा कां असाव्यात, असा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. त्याचें उत्तर कु. रोहिणी खाडिलकर हिच्या चरित्रांत सांपडतें.

स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा भारतांत प्रथम १९७४ सालीं झाली. योगायोग असा कीं, जपानांतील शोगी नांवाच्या बुद्धिबळांतही स्त्रियांचा व्यावसायिक वर्ग त्याच वर्षीं सुरू झाला. शोगींत नऊ नऊ घरांच्या नऊ ओळी असतात, आणि मारलेलें मोहरें मारणाराला आपल्या बाजूनें पुनः पटावर मांडतां येतें. खेळ निराळे, पण अडचण एकच. खेळणाऱ्या स्त्रियाच थोड्या असल्यामुळें त्यांना सराव, प्रवास व तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळत नसत. स्वतंत्र स्पर्धांनीं ही सोय झाली.

या सोयीचा पहिला लाभ मुंबईच्या एका मराठी घराला झाला. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या पणत्या व 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या कन्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघीही बुद्धिबळांत निष्णात निघाल्या. पहिलें राष्ट्रीय विजेतेपद वासंतीनें मिळविलें. पुढें जयश्रीनें व रोहिणीनें तें अनेक वेळां घरींच राखलें. एकट्या रोहिणीनें पांच वेळां.

परंतु सोयीसाठीं घातलेल्या कुंपणाचा पुढें अडसर होऊं शकतो. १९७६ सालीं अवघ्या तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत खेळावयास उतरली. असें करणारी ती पहिलीच भारतीय मुलगी. त्यावरून मोठा गहजब उडाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें व निकाल तिच्या बाजूनें लागला. जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष, माजी जगज्जेते डॉ. मॅक्स युवे यांनींही, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करतां येणार नाहीं, असा निर्णय दिला. एका शाळकरी मुलीच्या हट्टानें जें दार उघडलें, तें पुढील सर्वच मुलींसाठीं उघडें राहिलें.

रोहिणीनेंही त्या हक्काचें चीज केलें. १९८० सालीं तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. १९८१ सालीं हैदराबाद येथें व १९८३ सालीं क्वालालंपूर येथें तिनें आशियाई महिला विजेतेपद पटकाविलें. खेळ आटोपता घेतल्यावर रोहिणीबाई वृत्तपत्रव्यवसायांत शिरल्या व १९९८ सालीं 'संध्याकाळ' या सायंदैनिकाच्या संपादक झाल्या.

आजही बुद्धिबळांत पदव्या दोन प्रकारच्या आहेत. महिला ग्रँडमास्टर होण्यास २३०० गुणांकन लागतें. ग्रँडमास्टर ही पदवी स्त्रीपुरुष दोघांसही खुली, पण तिला २५०० लागतें. पहिली पायरी चढून दुसरी गांठावयाची कीं तेथेंच थांबावयाचें, हें खेळणारीनें ठरवावयाचें असतें. २०२५ च्या जुलैंत नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें जॉर्जियांतील बाटुमी येथें कोनेरू हंपी हिला जलद डावांत नमवून महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या विजयाबरोबरच तिला ग्रँडमास्टर ही खुली पदवीही लाभली. असा मान मिळविणारी ती चौथी भारतीय स्त्री. त्या वेळीं तिचें वय एकोणीस वर्षांचें होतें.

स्त्रियांच्या स्पर्धेंत जिंकून दिव्या ज्या पदवीला पोंचली, ती पुरुषांचीही आहे. वेगळा पट हा शिकण्यासाठीं व बळ मिळविण्यासाठीं असावा. त्यावरून उठून मोठ्या पटाशीं बसूं पाहणारीला कोणीं अडवूं नये. घरांत भाऊ डाव मांडून बसला आणि बहीण शेजारीं येऊन उभी राहिली, तर वडीलधाऱ्यांनीं तिला दुसरें काम सांगण्यापूर्वीं एवढें ध्यानांत ठेवावें.