तेरला मुक्काम कुठे करावा?

तुळजापूरचं दर्शन आटोपून ‘जाता जाता तेर उरकून घेऊ’ म्हणणारी माणसं मला दरवर्षी भेटतात आणि दरवर्षी मी त्यांना अडवतो. तेर उरकण्यासारखं गाव नाही. तिथे एक संध्याकाळ आणि एक पहाट हाताशी हवी, म्हणजे मुक्काम आला.

बहुतेकांचा मुक्काम तुळजापुरात पडतो. तिथे भक्तनिवास आहे, लॉज आहेत, पिढ्यान्‌पिढ्या पुजाऱ्यांच्या घरी उतरणारी कुटुंबंही आहेत. पण मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा टाळा. कोजागरीला तर पाय ठेवायला जागा नसते. धाराशिव तेरला जवळ, वीस-बावीस किलोमीटर. लेकरंबाळं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर तिथलं लॉज घ्यावं आणि सकाळी निघावं.

मी मात्र तेरमध्येच राहतो, ओळखीच्या घरी. अंगाखाली सतरंजी, अंगावर वाकळ, उशाशी पाण्याचा तांब्या. ओळख नसेल तर संत गोरोबाकाकांच्या मंदिरात आधी चौकशी करावी. फक्त चैत्र वद्यात, काकांच्या पुण्यतिथीच्या यात्रेत, दिंड्यांनी गाव भरलेलं असतं. तेव्हा जागेची आशा धरू नये.

माझी भाची जपानमधल्या नोझावा ओनसेनला, बर्फाच्या आणि गरम झऱ्यांच्या गावाला, जाऊन आली. तिथे तेरा सार्वजनिक न्हाणीघरं आहेत आणि गावकरीच ती राखतात. तिने खोली निवडली ती त्यांतलं कोणतं चालत जवळ पडतं हे बघून. मला हा हिशेब फार पटला. तेरमध्ये मी एवढंच बघतो, की त्रिविक्रमाचं देऊळ पायी किती लांब!

हे देऊळ समोरून बघून परतू नका, वळसा घालून मागे जा. गाभाऱ्याची पाठ हत्तीच्या पाठीसारखी गोल वळते आणि वर बैलगाडीच्या टपासारखं कमानदार छत. कार्ल्याला, भाज्याला आपण चैत्यगृह बघतो ते डोंगरात कोरलेलं. इथे तोच आकार विटांनी बांधून उभा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी हे मुळात बौद्ध चैत्य असल्याचं मांडलं. आत आज पाऊल उचललेला त्रिविक्रम आहे, समोर मंडप पुढे कधीतरी जोडलेला. अशा बांधीव चैत्याचं दुसरं नाव चटकन आठवतं ते थेट आंध्रातल्या चेझर्ल्याचं.

संध्याकाळी ऊन तिरपं झालं की विटेवर बोट फिरवावं. कडा मऊ झालेल्या, अंगभर बारीक छिद्रं. मातीत भाताचं तूस मिसळायचं, भट्टीत ते जळून जायचं आणि वीट हलकी व्हायची. तेरची जुनी वीट पाण्यावर तरंगते, हे इथलं पोरही सांगतं. त्या भोकांकडे बघताना मला दर वेळी गोरोबाकाका आठवतात. थापटण्याने संतांची डोकी ठोकून नामदेवांचं मडकं कच्चं ठरवणारा कुंभार याच गावचा! माती किती भाजली हे ज्या गावाला इतक्या जुन्या काळापासून कळत होतं, तिथेच ती कथा घडावी, यात मला नवल वाटत नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठं शहर येतं; तिथलं कापड आणि मलमल भडोचच्या बंदरात जाई. तगर म्हणजेच तेर, हे इतिहास-अभ्यासक फ्लीट यांनी 1901 मध्ये दाखवलं. 1958 मध्ये पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी इथे उत्खनन केलं. पण त्याही आधीपासून रामलिंगप्पा लामतुरे गावात सापडणारे मणी, नाणी, मृण्मूर्ती जपत होते. त्यांच्या संग्रहाचं आज शासकीय संग्रहालय आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती निवांत बघा. हिच्यासारखीच एक 1938 मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडली, 79 साली ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या घरात.

पहाटे तेरणेकाठी जावं. गोरोबाकाकांच्या समाधीपाशी टाळ वाजत असतात, शेजारी काळेश्वराचं देऊळ. पावसाळ्यानंतर गेलात तर परतताना पांढरीच्या टेकाडावर खापरं धुऊन वर आलेली दिसतील, काळी, तांबडी, एखादं चकाकी असलेलं. वाकून बघा, पण खिशात घालू नका. तोवर संग्रहालय उघडायची वेळ होते. सुटीचा वार तेवढा आदल्या रात्री यजमानांना विचारून ठेवा.