हिरवी तार म्हणजे अर्थिंग नव्हे

न्यू जर्सीत दिवाळी येते तेव्हाच घर तापवण्याचे दिवसही सुरू होतात. चकलीच्या खमंग वासात त्या आठवड्यात एक करपट वास मिसळतो. उन्हाळाभर निजलेली तळघरातली फर्नेस पेटली की तिच्यावर साचलेली धूळ जळते, त्याचा तो वास. त्याच दिवसांत दुकानांत स्मार्ट थर्मोस्टॅट स्वस्त होतात आणि आपली पुष्कळ मंडळी ते घेऊन येतात. मीही आणला. त्या वर्षी बाबा आमच्याकडे होते. वीज मंडळात वायरमन म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. बॅगेत फराळाच्या डब्यांशेजारी त्यांचा जुना टेस्टरही होता.

आमच्या भिंतीवर जुना गोल थर्मोस्टॅट होता. हनीवेल कंपनीने १९५३ साली बाजारात आणलेलं आणि हेन्री ड्रायफस यांनी घडवलेलं हे रूप अमेरिकेत घरोघरी पोचलं. आत दोन धातूंच्या जोडपट्टीची गुंडाळी आणि काचेच्या कुपीत पाऱ्याचा थेंब. खोली गार झाली की गुंडाळी फिरते, कुपी कलते, पारा ओघळून दोन टोकं जोडतो आणि खाली फर्नेस पेटते. म्हणजे थर्मोस्टॅट स्वतः काहीच तापवत नाही. तो नुसतं बटण आहे, माणसाऐवजी खोलीच्या तापमानाने दाबलेलं.

हे बटण चालतं २४ व्होल्टवर. फर्नेसमधला छोटा ट्रान्सफॉर्मर घरातल्या १२० व्होल्टचे २४ करतो. तिथून बारीक तारांची एक केबल भिंतीतून वर येते. ‘आर’ या खुणेच्या तारेतून वीज येते. ती ‘डब्ल्यू’ला जोडली की उष्णता, ‘वाय’ला जोडली की एसीचा कंप्रेसर, ‘जी’ला जोडली की पंखा. जुन्या थर्मोस्टॅटला एवढं पुरतं. स्मार्ट थर्मोस्टॅटला मात्र पडदा असतो, वाय-फाय असतं, त्याला चोवीस तास वीज लागते. त्यासाठी परतीची वाट हवी. ती वाट म्हणजे ‘सी’, कॉमन तार. जुन्या घरांत बऱ्याचदा नेमकी तीच जोडलेली नसते.

‘सी’ नसेल तर काही थर्मोस्टॅट उष्णतेच्या किंवा कंप्रेसरच्या तारेतून चोरपावलांनी थोडी थोडी वीज घेतात. काही घरांत ते निभतं. काही घरांत रिले कटकट करू लागतो, बॅटरी उतरते आणि ऐन जानेवारीत घर गार पडतं. म्हणून खोकं उघडण्याआधी, खरं तर विकत घेण्याआधीच, भिंतीत काय आहे ते पाहावं.

मी पेचकस हातात घेतला तसा बाबांचा पहिला प्रश्न आला, “मेन बंद केलास का?” फर्नेसचा आणि एसीचा, दोन्हींचे ब्रेकर पाडले. मग झाकण काढलं. इथेच पहिली मोठी पारख आहे. आत दोन-चार जाड तारा दिसल्या, त्यांवर प्लॅस्टिकच्या टोप्या पिळलेल्या असल्या किंवा थर्मोस्टॅटवर १२० अथवा २४० व्होल्ट लिहिलेलं असलं, तर हात मागे घ्यावा. ती भिंतीलगतच्या विजेच्या हीटरची जोडणी. २४ व्होल्टचं यंत्र तिथे लावलं तर जळेल, आणि जीवही धोक्यात येईल.

आमच्याकडे बारीक तारा होत्या. लाल, पांढरी, पिवळी, हिरवी. बाबा लगेच म्हणाले, “हिरवी अर्थिंगची, तिला सोड.” आपल्याकडे ते खरंच आहे. पण थर्मोस्टॅटच्या केबलमध्ये हिरवी सहसा पंख्याला जाते. अमेरिकेतल्या मेन लाइनमध्ये काळी तार फेजची असते, आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी न्यूट्रल. थर्मोस्टॅटच्या केबलमध्ये तर रंगाचा नियम नुसता रिवाज आहे. बसवणाऱ्याने हाताला आली ती तार लावलेली असू शकते. म्हणून रंग न पाहता तार कुठल्या अक्षराखाली आहे ते पाहावं, फोटो काढावा, प्रत्येक तारेला चिठ्ठी लावावी आणि मगच ती सोडवावी. अक्षरंही कधी फसवतात. ‘बी’ हे अक्षर काही हीट पंपांत रेफ्रिजरंटची दिशा फिरवणाऱ्या झडपेचं असतं, तर ‘ट्रेन’ (Trane) कंपनीच्या काही जुन्या यंत्रांत तेच कॉमन तारेचं असतं. शंका असली की तारेचं दुसरं टोक पाहायचं.

बाबांनी बोट घालून केबल थोडी ओढली. आत मागे गुंडाळून ठेवलेली एक निळी तार निघाली, कशालाच न जोडलेली. तळघरात फर्नेसचा पत्रा काढला, तर तिथेही निळी तशीच मोकळी. ती आम्ही ‘सी’खाली कसली. अशी जादा तार नसती, तर नवी केबल ओढणं, फर्नेसपाशी अॅडॉप्टर बसवणं किंवा प्लगमध्ये खोचायचा २४ व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर घेणं, हे मार्ग होते.

मोजण्यापुरता ब्रेकर चढवला. बाबांनी लाल तारेला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. “मेली आहे,” ते म्हणाले. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ‘आर’ आणि ‘सी’मध्ये धरला, तर २६. टेस्टरमधल्या निऑनला पेटायला याहून बराच जास्त दाब लागतो. इथे टेस्टर गप्प राहिला म्हणजे वीज नाही, असं धरून चालत नाही. २४ ते २८ च्या दरम्यान आकडा आला की जोडणी ठीक.

त्या आनंदात मी ब्रेकर पुन्हा पाडायला विसरलो. तारा खोचताना लालचं उघडं टोक निळीला टेकलं. ठिणगीसुद्धा दिसली नाही, पण सगळं मुकं झालं. तळघरात फर्नेसच्या बोर्डावर मोटारीत असतो तसा ३ अँपिअरचा जांभळा फ्यूज उडाला होता. ती रात्र आम्ही रजया पांघरून काढली. सकाळी नवा फ्यूज घातला आणि घर तापलं. असा फ्यूज नसता तर ट्रान्सफॉर्मर जळला असता. मोजून झालं की ब्रेकर पुन्हा पाडायचा, हे मी त्या रात्री शिकलो.

जुना गोल थर्मोस्टॅट कचऱ्यात टाकला नाही. त्यातला पारा विषारी असतो. असा थर्मोस्टॅट घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यावा.

बाबा परत गेले. पुढच्या हिवाळ्यात फर्नेस तपासायला मी पत्रा काढला, तर आतल्या बाजूला त्यांच्या ठसठशीत अक्षरातला कागद चिकटवलेला होता: “लाल आर. निळी सी. हिरवी पंखा, अर्थिंग नव्हे. आधी मेन बंद.” तो मी तसाच ठेवला आहे.