राजकन्येची एक दिवसाची रजा

कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे बोनस, महागाई नाहीतर नवे कायदे यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आम्ही यंदा राजकन्येचा विषय घेतला तेव्हा आमच्याच सोबत्यांनी आमची थट्टा केली. परंतु आम्हाला जे सांगायचे आहे ते कामाविषयीच आहे. आमचे शिक्षण नववीपर्यंत. बाकीचे वाचन रात्रपाळीत झाले. तेव्हा कलेच्या दृष्टीने काही उणे राहिले तर ते जाणत्यांनी भरून घ्यावे.

‘रोमन हॉलिडे’ हा विल्यम वायलर यांनी दिग्दर्शित केलेला 1953 सालचा अमेरिकन बोलपट. ऑड्री हेपबर्न या नटीला त्यातील कामाबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळाले. तिने रंगवलेली राजकन्या ॲन कोणत्या देशाची, हे चित्रपट कोठेच सांगत नाही. देश काल्पनिक, राजघराणेही काल्पनिक. त्याच सुमारास इंग्लंडची राजकन्या मार्गारेट हिच्या प्रेमाची चर्चा सुरू होती आणि 1955 साली तिने तो विवाह न करण्याचे जाहीर केले, म्हणून पुष्कळांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली. पण कथा त्याआधीच लिहून झाली होती. असो.

आम्हाला सर्वांत आवडलेला प्रसंग अगदी सुरुवातीचा आहे. दरबारी समारंभात राजकन्या उभी आहे, पाहुण्यांची रांग संपत नाही, आणि लांब झग्याच्या आत दुखऱ्या पायातला जोडा निसटून पडतो. चेहऱ्यावर हसू, आणि पाय आतल्या आत जोडा शोधतो आहे! दिवसभर यंत्रापाशी उभे राहिलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मग रात्री शयनगृहात सरदारीणबाई दूध-बिस्किटे पुढे ठेवून दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम वाचून दाखवतात. अमुक वाजता कारखाना पाहणे, अमुक वाजता कोनशिला, येथे ‘आभारी आहे’ म्हणायचे, तेथे ‘नको, आभारी आहे’. माणसाची उत्तरेसुद्धा आधी ठरलेली. राजकन्या किंचाळू लागते, तेव्हा डॉक्टर येऊन झोपेची सुई टोचतात.

आमच्या भाषेत सांगायचे तर या मुलीला साप्ताहिक सुट्टी नाही आणि बदली कामगारही नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने 1890 साली मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवार मिळवून दिला. राजवाड्यात अशी चळवळ करणार कोण?

ती मालवाहू गाडीत लपून पळते. तिला रस्त्याकडेला पेंगताना पाहून जो ब्रॅडली नावाचा अमेरिकन बातमीदार आपल्या खोलीवर आणतो. जो स्वतः कर्जात, घरमालकाचे भाडे थकलेले. सकाळी त्याला कळते की ही आजारी म्हणून जाहीर झालेली राजकन्याच आहे, आणि तिची खास हकिगत आणली तर संपादक त्याला पाच हजार डॉलर देणार. पुढचा दिवस आपण पडद्यावरच पाहावा. उसन्या हजार लिरांतून तिने घेतलेल्या चपला, कापून घेतलेले केस, स्पॅनिश पायऱ्यांवर खाल्लेले आइस्क्रीम, मग स्कूटर आणि रात्री नदीकाठचे नृत्य. या सुखांत एकही महाग नाही. आमच्या चाळीतल्या कोणत्याही मुलीला रविवारी परवडावे असेच ते सारे आहे.

दोघांचे प्रेम जडते, आणि त्याच रात्री ती परत जाते.

चित्रपट पाहून आमच्या घरातील बायका चिडल्या. पिंजऱ्यातले पाखरू बाहेर पडले आणि पुन्हा आत शिरले, यात कसले कौतुक, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप लहान नाही. कर्तव्याच्या नावाखाली माणसाला, विशेषतः बाईला, किती राबवले जाते हे आम्ही जन्मभर पाहिले आहे. मालकही कर्तव्यच सांगतो, आणि सासूही.

परंतु ती परतते तेव्हाचा प्रसंग नीट पाहा. राजदूत तिला कर्तव्याची आठवण करून देऊ लागतो. ती त्याला थांबवते आणि बजावते, की घराण्याविषयी व देशाविषयी आपल्याला पूर्ण जाणीव नसती तर आपण आज रात्री काय, कधीच परत आलो नसतो. त्यानंतर ती दूध-बिस्किटे नाकारते. काल जी मुलगी सुई टोचून झोपवली गेली, ती आज सर्वांना खोलीबाहेर जायला सांगते. काम तेच आहे. पण दार उघडे असताना ती आत आली आहे. दार बंद असताना जे घडते त्याला आम्ही कर्तव्य म्हणत नाही.

हे आम्हाला उशिरा कळले. आमच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी आम्ही संपाच्या फाटकावर उभे होतो. कर्तव्याने थांबवले, असे आम्ही पुढे कित्येक वर्षे सांगत आलो. खरे म्हणजे सोबत्यांनी चार तास सहज सांभाळले असते. आम्ही त्यांना विचारले नाही, आणि स्वतःलाही नाही. बहीण अजून तो विषय काढत नाही.

राजकन्येच्या त्यागाबरोबर आणखी एक त्याग आहे, तो फारसा बोलला जात नाही. जो बातमी विकत नाही. संपादकाला तो सांगतो की हकिगत मिळालीच नाही. त्याचा छायाचित्रकार मित्र चोरून काढलेली सारी छायाचित्रे पत्रकारांच्या भेटीच्या वेळी पाकिटातून राजकन्येच्याच हाती देतो. भाडे थकलेल्या माणसाने पाच हजार डॉलरांवर पाणी सोडावे, तेही कोणी पाहत नसताना! तिचा एक दिवस तिचा राहिला तो या मुकेपणामुळे.

ही कथा ज्याने लिहिली त्यालाही बोलण्याची किंमत देऊ केली होती, आणि गप्प राहण्याची शिक्षा. डाल्टन ट्रम्बो तरुणपणी लॉस एंजेलिसच्या एका बेकरीत कित्येक वर्षे रात्रपाळी करत, आणि फावल्या वेळी लिहीत. 1947 साली अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीने त्यांना बोलावून विचारले, की तुम्ही चित्रपटलेखकांच्या संघटनेचे सभासद आहात काय, कम्युनिस्ट पक्षाचे आहात काय. त्यांनी सरळ उत्तर देण्याचे नाकारले. सुमारे दहा महिने तुरुंगात गेले, आणि स्टुडिओंनी त्यांना काळ्या यादीत टाकले. म्हणून ही कथा त्यांचे मित्र इयन मॅकलेलन हंटर यांच्या नावाने विकली गेली, आणि उत्कृष्ट कथेचे ऑस्करही हंटर यांनाच जाहीर झाले. पुढे हंटरही काळ्या यादीत गेले.

ट्रम्बो 1976 साली वारले. ते पारितोषिक 1993 साली त्यांच्या पत्नी क्लिओ यांच्या हाती देण्यात आले, आणि 2011 साली लेखकांच्या संघटनेने पटकथेच्या श्रेयातही त्यांचे नाव घातले. आम्ही पाहिलेली प्रत जुनी होती. तीत हंटर यांचेच नाव होते.